वळणावरचा दगड आणि दीड इंच

६ फेब्रुवारी

ताईसाहेब,

नमस्कार! माझं अक्षर बघून भोवळ आली असेल तर आधी खुर्ची घे. तूच म्हणाली होतीस ना, 'फोनवर तू दोन मिनिटांत तापतोस, त्यापेक्षा पत्र लिही, निदान शाई वाळेपर्यंत तरी गप्प बसशील.' शिवाय पोस्टाच्या खिडकीमागं बसून पत्रांवर शिक्के मारणारी तू. घे, तुझ्याच खात्याला हातभार.

काम असं आहे. मी गाडी उंच करून घेतोय. तीच, छोटी एसयूव्ही, जी तीन वर्षांपूर्वी आपल्या घराच्या चढावर शेवटच्या वळणावरच्या दगडाला घासली, जिचा ऑइल चेंबर फुटला, आणि जिच्याकडं बघून नाना सगळ्या गल्लीसमोर म्हणाले होते, 'गाडी घेतलीस की बुटांचं खोकं?' त्यावर मी काय बोललो ते तुला पाठ आहे, मलाही आहे. ते उगाळायचं नाहीये.

इथल्या गॅरेजवाल्याचं म्हणणं, चार इंच उचलू आणि मोठ्यातले मोठे टायर घालू. त्याला आम्ही टोलेजंग म्हणतो, कारण त्याच्या हातून गेलेल्या कुठल्याही गाडीत शिडी लावूनच बसावं लागतं. माझं मन होतंय, पण तुझी वहिनी म्हणते, आधी कुणा जाणत्या माणसाला विचार. तर तू दोन गोष्टी कर. एक, टेप घेऊन तो दगड मोज. दोन, तिकडं कुणी जुना जाणता मिस्त्री असेल तर त्याचं मत घे. गाडीचा फोटो सोबत जोडलाय.

घरी यायचं ठरलंय म्हणून हे चाललंय असं समजू नकोस. हौस आहे, बाकी काही नाही. आणि नानांच्या कानावर यातलं एक अक्षर जाता कामा नये. परत घासली तर ते परत हसतील, आणि मग मी कायमचाच यायचा नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. त्यांचा खोकला बरा आहे का? सहज विचारतोय.

१५ फेब्रुवारी

धाकट्या,

हौस म्हणे! इथल्या एका दगडाची उंची कळल्याशिवाय जी भागत नाही, ती कसली रे हौस? पण बरं बाई, हौस तर हौस.

दगड मोजला. सगळ्यात उंच टोक बावीस सेंटिमीटर. मी रस्त्यात गुडघ्यांवर बसून टेप धरलेली बघून शेजारीण धावत आली, तिला वाटलं मी पडले. तिला म्हटलं, पोस्टाचं काम आहे.

मिस्त्री मिळालेत. वयस्कर आहेत, आता काम करत नाहीत, पण ट्रकच्या वर्कशॉपात जन्म घालवलाय. जरा तिरसट आहेत, तेव्हा मनाची तयारी ठेव. फोटो त्यांनी हातात घेतला आणि लगेच परत दिला. 'फोटोत सगळ्याच गाड्या तगड्या दिसतात,' म्हणाले, 'त्याला सांग, मापं पाठव.' त्यांना तीन मापं हवीत. गाडीत सगळी माणसं आणि सामान भरल्यावर पोटाखाली किती जागा उरते. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आणि मडगार्ड यांच्यात किती बोटं जातात. आणि नवा मोठा टायर स्टेपनीच्या खळग्यात मावतो का. 'चार चाकं मोठी आणि पाचवं लहान असलं, तर पंक्चर झाल्यावर काय लंगडत जाणार का?' हे त्यांचेच शब्द.

चहा घेऊन गेले. मी कप समोर ठेवला, तर त्यांनी आधी टेबलाची कड चाचपली, मग कपाच्या काठावर बोट ठेवून हळूच आत बुडवलं, आणि मग कप उचलला. प्रत्येकाच्या चहा प्यायच्या तऱ्हा वेगळ्या, नाही?

नानांचा खोकला बरा आहे. सहज सांगतेय.

तुझी,
ताई

२४ फेब्रुवारी

ताई,

तो तुझा मिस्त्री म्हणजे खडूस म्हातारा आहे! मी फोटो पाठवतो आणि तो बघतसुद्धा नाही? इथं टोलेजंगनं नुसता फोटो बघून सगळं ठरवून टाकलं. पण तुझ्या भिडेखातर मापं घेतली. कशी घेतली ते ऐक, म्हणजे मला नावं ठेवणार नाहीस.

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये तुझी वहिनी पुढं, दोन्ही पोरी मागं, डिकीत चार बॅगा, आणि मी टेप घेऊन गाडीखाली उताणा. मोठी विचारते, 'बाबा, आपण कुठं चाललोय?' म्हटलं, कुठंच नाही, हलू नका. पंधरा मिनिटं चौघं... म्हणजे तिघी, चौथा मी खाली, असे बसलो. वॉचमन येऊन दोनदा विचारून गेला. रिकामी गाडी अठरा सेंटिमीटर, भरलेली सोळा. मला वाटत होतं फार तर अर्ध्या सेंटिमीटरचा फरक पडेल. पूर्ण वळवल्यावर मडगार्डपाशी दोन बोटं जातात. स्टेपनीचं मला माहीत नव्हतं, टोलेजंगला विचारलं तर तो म्हणाला, 'ती टपावर ठेवू.'

आता माझा हिशेब. मोठे टायर घातले की व्यास तीन सेंटिमीटरनं वाढतो. म्हणजे गाडी तीन सेंटिमीटर वर. चार इंचांचे जवळजवळ दहा. एकूण तेरा. दगडाला हात हलवून टाटा करत जाईन. तुझ्या म्हाताऱ्याला विचार, यात काय चुकलं?

टोलेजंग स्प्रिंगच्या वर जे स्पेसर, म्हणजे गाडी उचलणाऱ्या धातूच्या चकत्या, घालणार आहे, त्यातला एक पार्सलनं पाठवतोय. दाखव त्याला, चकाकी बघून गार होईल. आणि तो दगड परत एकदा मोज, तुझा काही भरवसा नाही, टेपची इंचांची बाजू धरली असशील.

धाकटा

४ मार्च

धाकट्या,

टेपची बाजू बरोबर धरली होती. तरी तुझ्या समाधानासाठी परत मोजला. साडेवीस.

आता मिस्त्रींचं ऐक. तुझा हिशेब वाचून दाखवला तेव्हा ते इतके हसले की खोकलाच लागला. म्हणाले, 'टायरचा व्यास तीन वाढला की निम्मा आसाच्या वर जातो, निम्मा खाली. गाडी उचलते दीड. शाळेत भूमिती नव्हती का त्याला?' आणि चार इंचांचं नावच काढायचं नाही. तुझी गाडी काही ट्रक नाही. एवढी उचलली तर चाकांकडं जाणारे दांडे तिरके होतात, त्यांच्यावरची रबरी टोपणं फाटतात, आत माती जाते, आणि वर्षाच्या आत कडकड आवाज सुरू. वर वळणावर गाडी झोकांडी देते ते वेगळंच. 'त्याच्या पोरी मागं बसतात ना?' असं विचारलं त्यांनी. मी हो म्हटलं.

त्यांचं मत असं: दीड इंच, चांगल्या बनावटीच्या स्प्रिंगा आणि त्यांच्याच जोडीचे शॉकअब्सॉर्बर. टायर फक्त एक नंबर मोठे, पण जाड भिंतीचे, खडीवर फाटणार नाहीत असे. पाचवंही तसंच. मग चाकांचं अलाइनमेंट करून घ्यायचं, आणि वेगाचा काटा दाखवतो त्याहून गाडी थोडी जोरात पळत असते हे डोक्यात ठेवायचं.

तुझा चकाकता स्पेसर त्यांनी आधी दाराशी उजेडात नेला, मग कपाळाला आठ्या घालून उजेडाकडं पाठ केली आणि सावलीत आले. मग नखानं सगळीकडून खरवडत गेले, एका जागी थांबले. 'इथं भोक आहे ओतकामात. इथूनच तुटणार.' मी चष्मा लावून बघितलं, मोहरीएवढं भोक होतं खरं. जाताना मला म्हणाले, 'आज काळी साडी का नेसलीस?' साडी निळी होती.

ताई

१३ मार्च

ताई,

तुझ्या मिस्त्रींना माझा नमस्कार सांग. 'म्हातारा' वगैरे जे काही लिहिलं असेल ते मागं घेतो. टोलेजंगकडं जाऊन मी ते दांडे, ती रबरी टोपणं, स्टेपनी, सगळं एका दमात विचारलं. मग मी त्याला स्पेसरमधल्या भोकाची गोष्ट सांगितली. तर म्हणतो, 'तुमच्याकडं मशीन आहे का तपासायला?' म्हटलं, आहे, नख. आता दुसरीकडं काम देतोय, दीड इंचाचंच.

खरं सांगू? हा माणूस कुठं होता इतकी वर्षं? इतकं नीट, मापात, आणि तेही माझ्या पोरींचा विचार करून कुणी मला समजावलं असतं, तर मी चष्म्याचं दुकान टाकलंच नसतं. नानांच्या जागी हे असते तर मी आनंदानं वर्कशॉपात गेलो असतो. बाप म्हणून नानांनी आम्हाला एकच वाक्य शिकवलं, 'बाजूला हो, तुला जमायचं नाही.'

पण माझ्या दोन शंका आहेत. पहिली लहान. दीड इंच, आणि एक नंबर मोठ्या टायरचा एक सेंटिमीटर, मिळून जवळजवळ पावणेपाच. सोळात मिळवले की पावणेएकवीस. तू आधी दगड बावीस लिहिलास. म्हणजे मिस्त्रींच्या हिशेबानंही गाडी घासणारच! मग तू साडेवीस लिहिलंस. बावीसचा साडेवीस होतो कसा? दगडानं डाएट धरलंय का?

दुसरी शंका लहान नाही, तेव्हा थट्टा बाजूला. वीस वर्षं मी काउंटरमागं उभा राहून लोकांचे डोळे बघतोय. फोटो बघत नाहीत. चहात बोट घालून बघतात. उजेडात आठ्या पडतात आणि सावलीत बरं वाटतं. निळं त्यांना काळं दिसतं. ताई, या माणसाला मोतीबिंदू आहे, बहुतेक दोन्ही डोळ्यांना, आणि चांगला पिकलेला. अजून थांबले तर ऑपरेशन अवघड होत जाईल, आणि त्याआधी ते कुठंतरी पडतील.

त्यांना कुणी नाही का? मुलंबाळं? नसतील तर माझ्याकडं पाठव, मी घेऊन जाईन डॉक्टरांकडं. आणि असतील तर त्या मुलाचा पत्ता दे. इतका गुणी बाप चाचपडत चहा पितो आणि याला पत्ता नाही! एक कानफटात द्यावीशी वाटते.

धाकटा

१८ मार्च

धाकट्या,

पत्ता तुझ्या दुकानाच्या पाटीवर आहे.

मिस्त्री म्हणजे नाना. पहिल्या पत्रापासून नाना. तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मला ओसरीवर बसवून म्हणाले, 'वाच, धाकट्याचं आहे ना?' पाकीट बघून नव्हे, मी ते कसं फोडलं त्याच्या आवाजावरून ओळखलं. तू बजावलं होतंस तरी मी वाचलं. माझा तेवढा गुन्हा कबूल. मग म्हणाले, 'मी सांगतो तसं लिही, पण माझं नाव घातलंस तर याद राख.' आणि डोळ्यांचंही तुला सांगायचं नाही, असं माझ्याकडून कबूल करून घेतलेलं. दीड वर्ष झालं. मी कबूल केलं ते सांगायचं नाही एवढंच. चहात बोट घातलं हे लिहायचं नाही, असं कुठं ठरलं होतं? काळ्या साडीचं लिहायचं नाही, असं तरी कुठं? शेवटी तू तुझ्या दुकानात शिकलास ते माझ्या उपयोगी आलं. पण किती पत्रं लागली रे बाबा तुला!

परवाचं पत्र मी नेहमीसारखं मोठ्यानं वाचलं. काही भाग गाळून वाचायची मला सवय झालीय, पण हे नाही गाळलं. 'नानांच्या जागी हे असते तर' इथं मी चष्मा काढून पुसला. ते म्हणाले, 'वाच पुढं.' कानफटात द्यावीशी वाटते इथपर्यंत वाचलं. मग म्हणाले, 'मधलं परत वाच. आनंदानं वर्कशॉपात गेलो असतो, ते.' दोनदा वाचून घेतलं. मग आत गेले आणि जेवायच्या वेळेपर्यंत बाहेर आले नाहीत.

आता तुझा दगड. त्याचं डाएट असं की नाना रोज सकाळी, मी पोस्टात गेले की, छिन्नी-हातोडा घेऊन त्याच्यापाशी जाऊन बसतात. मी विचारलं होतं, दीड इंचानं भागत नाही, मग दीडच का सांगता? तर म्हणाले, 'त्यानं गाडी तेवढीच उचलावी जेवढी झेपेल. उरलेलं मी खालून बघतो.' हातानं चाचपायचं आणि घाव घालायचा. काल घाव अंगठ्यावर बसला. नख गेलंय. हे लिहू नको म्हणाले होते, म्हणून लिहितेय.

डॉक्टरांकडं चला म्हणून मी हात जोडले, शेजारणीनं जोडले. एकच उत्तर: 'पोराचं दुकान डोळ्यांचं, आणि मी परक्याबरोबर जाऊ?' आता तू बघ. माझं सांगून संपलं.

ताई

२२ मार्च

नाना,

हे ताई वाचून दाखवेल. ताई, यातलं काही गाळायचं नाही, आणि मध्ये घसा खाकरायचा नाही.

चुकलं माझं. आधी हे लिहितो, नाहीतर गाडीच्या गोष्टींत राहून जाईल. तीन वर्षांपूर्वी मी तुम्हाला म्हणालो होतो, जन्मभर ट्रकांखाली लोळलात, माणसांशी बोलायला शिकला नाहीत. गाडीखालून तुम्ही माझ्याशी जेवढं बोललात तेवढं मी तुमच्याशी कधी बोललो नाही. कानफटात द्यायची ती तुम्ही द्या, समोर येतोच आहे.

काम झालं. दीड इंच, स्प्रिंगा आणि शॉकअब्सॉर्बर जोडीचे. टायर एक नंबर मोठे, पाचवंही त्याच मापाचं, खळग्यात बसलं. स्टिअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवून बघितलं, सगळ्यांना गाडीत बसवून बघितलं, कुठं लागत नाही. वहिनी... म्हणजे ताईची वहिनी, म्हणाली, आता तरी आम्हाला कुठंतरी घेऊन चला.

शनिवारी सकाळी निघतोय, दुपारी चढाच्या पायथ्याशी असेन. मंगळवारी इथल्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतलीय. आधी उजवा डोळा, महिन्याभरानं डावा. मी बाहेरच बसून राहीन. नाही म्हणू नका. गाडीच्या बाबतीत मी तुमचं सगळं ऐकलं, डोळ्यांच्या बाबतीत तुम्ही माझं ऐका.

आणि त्या दगडाला आता हात लावू नका. आहे तसा राहू दे. घासली तर घासली, तुम्ही हसा.

धाकटा

२ मे

चिरंजीव,

हे पत्र माझं मी लिहितोय. उजवा उघडलाय, डाव्याचा नंबर यायचाय. ओळी वर चढतायत, तेवढं चालवून घे.

घरी आल्यावर पहिलं काम काय केलं, तर ताईच्या कपाटातून तुझी सगळी पत्रं काढली आणि वाचली. 'खडूस म्हातारा' हे तिनं मला 'अनुभवी गृहस्थ' असं वाचून दाखवलं होतं. बाई इतकी वर्षं पोस्टात आहे आणि टपालात असा घोटाळा करते! तिला जाब विचारला, तर म्हणाली, अर्थ तोच होतो.

तू दगडावरून आलास तेव्हा लांब उभे राहा म्हणून ती ओरडत होती, पण मी जवळच उभा होतो. दिसत काही नव्हतं, नुसता कान देऊन होतो. पुढची चाकं गेली. मागची गेली. घासल्याचा आवाज आला नाही. मग तू उतरलास आणि माझ्यासमोर नुसता उभा राहिलास, आणि मी म्हणालो, 'स्टेपनी दाखव.' तीन वर्षांनी पोरगा येतो आणि बाप स्टेपनी मागतो. दुसरंच काहीतरी म्हणायचं होतं मला, तोंडात ते आलं. तू मुकाट्यानं डिकी उघडलीस, ते बरं केलंस.

गाडीचं काम चांगलं झालंय. उजवीकडची मागची स्प्रिंग जरा कुरकुरते, तिथं रबर घालून घे. पण रंग! मी इतके दिवस खाकी समजत होतो, म्हणजे डोळा पहिल्यापासूनच गढूळ होता, ती निघाली निळी. इतकी निळी गाडी शहाणा माणूस घेतो का?

आता एक गोष्ट, जी तिथं तुझ्याकडं असताना बोललो नाही. पट्टी काढली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू मला खाली गाडीपाशी नेलंस. तू वाकून पुढच्या चाकाचे नट दाखवत होतास, किती जोरानं आवळलेत ते सांगत होतास. तुला वाटलं मी टायर बघतोय. मी तुझं डोकं बघत होतो. सगळं पांढरं झालंय. मी ज्याच्याशी अबोला धरला त्याचे केस काळे होते. गाडीची इतकी मापं मागवली, पण हे विचारायचं मला सुचलं नाही, आणि ताईनंही कधी सांगितलं नाही.

डोळ्याला पाणी कसलं आलं, असं तू विचारलंस. मी म्हणालो, औषधाचे थेंब. तूही मान डोलावलीस. थेंब दुपारी घालायचे होते, धाकट्या. ती सकाळ होती.

नाना